मागच्या पडवीतलं कौल

नाना घर बघायला कधी उन्हात गेले नाहीत. आषाढात आभाळ फाटल्यासारखं कोसळत असायचं, दगडी गडग्यांवरून पाणी उड्या मारत असायचं, शहाणी माणसं चुलीपाशी हात शेकत बसलेली असायची, आणि नाना धोतर खोचून, छत्री घेऊन निघायचे. घर विकणारा बिचारा हात जोडायचा. "नाना, जरा उघाडी पडू दे, मग निवांत बघा."

"उघाडीत सगळीच घरं देखणी असतात," नाना म्हणायचे. "मला ते रडताना बघायचंय."

आत गेले की भिंतीबिंती काही बघायचे नाहीत. माजघराच्या मधोमध बसकण मारायचे आणि डोळे मिटायचे. विकणाऱ्याला वाटायचं म्हातारा जप करतोय. नाना ऐकत असायचे. कुठे टपटपतं, कुठे भिंतीवरून मुकाट ओघळतं, कुठे कौलाखाली वारा शिरतोय. मग बसल्या जागेवरून बोट करून मला सांगायचे, "मेस्त्री, तो कोपरा बघ. तिथला वासा गेलाय." मी चढून बघायचो. वासा गेलेलाच असायचा.

मी छपराचा माणूस. कौलं उतरवायची, कुजकी रीप काढायची, नवी ठोकायची, पावसाच्या आधी घर शाकारून द्यायचं, हा माझा धंदा. शाळा दुसरीतच सुटली. इथे लिहितोय ते बोलतो तसं लिहितोय, आणि शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या असतील त्याने आधी एक छप्पर शाकारून दाखवावं, मग काढाव्यात. नानांचं नाव-आडनाव लिहीत नाही, त्यांची भाचेमंडळी अजून आहेत. मात्र एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. नानांच्या घरी मागच्या पडवीत जे कौल वर्षानुवर्षं गळलं, ते मी नीट बसवलेलं होतं. गावात अजून दोघं-तिघं म्हातारे आहेत, ते मला बघून हसतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय असं समजा हवं तर.

दुसरं निमित्त नातवाचं. तो मुंबईला ब्लॉक घेतोय, भाड्याने द्यायला. मला म्हणाला, "आजोबा, तुम्ही एवढी घरं बघितलीत, काय बघून घेऊ?" मी म्हटलं, पावसात जाऊन बस. तो हसला. मग मला नाना आठवले, आणि आठवले ते जाईनात.

नाना कुठल्याशा कचेरीतून पेन्शनीवर रत्नागिरीला परत आले ते विसाच्या सालाच्या पुढेमागे. इतर पेन्शनर देवळात जाऊन बसतात, नानांना घरं घ्यायचा नाद. तीसुद्धा कुणी घेणार नाही अशी. कुणाच्या छपराची एक पाख खचलेली, कुणाच्या न्हाणीघरात पिंपळ उगवलेला. ती स्वस्तात घ्यायची, दुरुस्त करायची आणि भाड्याने लावायची. गावाने त्यांना कंजूष ठरवलं. कंजूष माणूस मंगळुरी कौलांचं गलबत मांडवी बंदरावर लागलं की स्वतः जाऊन एकेक कौल बोटाच्या पेराने वाजवून घेत नाही. नाना घ्यायचे. बद्द वाजलं की बाजूला. हमाल कंटाळून म्हणायचा, "ओ नाना, कौलं हायत, मडकी न्हायत." नाना म्हणायचे, "मडकं गळलं तर एकाची आमटी जाते रे. कौल गळलं तर घर जातं."

त्यांचे घर घ्यायचे कायदे मला पाठ आहेत. ऐन पावसाळ्यात ताजा चुना मारलेली भिंत दिसली की नखाने खरवडायची, कारण पावसाळ्यात कुणी हौसेने चुना मारत नाही. चौकटीचा पाय चाकूच्या टोकाने टोचायचा, वाळवी तिथून चढते. विहीर मात्र पावसात बघायची नाही, ती वैशाखात. एक घर त्यांना फार आवडलं होतं, खालच्या आळीतलं, पण वैशाखापर्यंत थांबले आणि वैशाखात कळशी तळाला खडखडली तेव्हा नमस्कार करून परत आले. आणि घर कितीही चांगलं असो, दोन प्रश्न विचारायचेच. "वाट कुणाच्या खळ्यातून जाते?" आणि "हा फणस कुणाचा?" आमच्याकडे घर एकाचं आणि दारातला फणस दुसऱ्याचा, असं पुष्कळदा असतं. मग जन्मभर गरे तो खातो आणि पाचोळा तुम्ही झाडता.

दुरुस्तीचा क्रम ठरलेला. "आधी टोपी, मग सदरा, मग वहाणा." म्हणजे आधी छप्पर, मग भिंती, मग जमीन. एकदा मी म्हटलं, "नाना, गवंडी मोकळा आहे, जमीन चोपून घेऊ या." तर म्हणाले, "उघड्या डोक्याने वहाणा घालून मिरवू काय?"

भाडेकरू निवडायची तऱ्हा तर त्याहून अजब. पुरुषाला काही विचारायचेच नाहीत. त्याच्या बायकोला विचारायचे, "चूल कुठे मांडाल?" ती इकडेतिकडे बघून, वाऱ्याचा अंदाज घेऊन, "इथे" म्हणाली की घर तिचं. एक गृहस्थ आले होते, फार गोड बोलायचे. म्हणाले, "नाना, काही करू नका हो, आहे तसं चालेल आम्हाला." नानांनी त्यांना वाटेला लावलं. मला म्हणाले, "आहे तसं चालेल म्हणतो. उद्या घरही तो आहे तसंच चालवील."

भाडं मागायलाही पावसातच जायचे. भाडेकरू म्हणायचे, म्हाताऱ्याला पैशाची काय घाई, पावसात तडमडतो! पण नाना ओटीवर बसून भाड्याबद्दल बोलताना त्यांच्या तोंडाकडे कधी बघत नसत. मान वर. वाशावाशावरून नजर फिरवत, "हं, द्या सवडीने," असं म्हणत असायचे. सवड म्हणजे किती, ते विचारायला दुसरा पाऊस यायचा.

या सगळ्यांवरचा त्यांचा एक नेम होता. स्वतः एक पावसाळा काढल्याशिवाय घर भाड्याने द्यायचं नाही. विकत घेतलं की नाना आणि माई, म्हणजे त्यांची बायको, बोचकी बांधून त्या घरात राहायला जायची. उन्हाळ्यात दुरुस्ती, मग पावसाळा. पावसाळाभर थेंब आला नाही तर दसऱ्याला घर भाडेकरूला, आणि नाना-माई नव्या पडक्या घरात. थेंब आला तर आणखी एक वर्ष तिथेच. थेंब यायचा नाही, कारण छप्पर माझं असायचं. त्यामुळे झालं काय, की गावात पाच-सहा घरांचा मालक, आणि त्याला स्वतःला घर नाही. दरवर्षी नवी चूल, नवं न्हाणीघर, नवी शेजारीण.

माई मुकाट जायच्या. त्यांच्या सामानात एक रॉकेलचा डबा असायचा, आणि त्या डब्यात सुरंगीचं रोप. माहेरच्या झाडाचं बी त्यांनी रुजवलेलं. गाडीत भांडीकुंडी जायची, हा डबा माईंच्या मांडीवर. सुरंगीला फुलायला जमीन लागते, वर्षं लागतात. ते रोप डब्यात नुसतं जगत होतं. वाढायचं नाही, मरायचंही नाही.

झाडगावातलं घर घेतलं तेव्हाची गोष्ट. मागे पडवी, पडवीत चूल, पडवीमागे परडं, परड्याच्या टोकाला दगडी पाळ असलेली विहीर. वैशाखात मी मागच्या पडवीच्या छपरावर बसून शेवटच्या ओळी लावत होतो. माई खाली ताकाचा पेला घेऊन आल्या. मी उतरलो, ताक प्यायलो, पण माई जाईनात.

"मेस्त्री, एक कौल जरा तिरकं राहू दे."

मला वाटलं चेष्टा करतायत. "कशाला ओ माई?"

त्यांनी परड्याकडे बोट केलं. सुरंगीचं रोप जमिनीत होतं. डबा बाजूला आडवा पडलेला. "लावलंय मी. न विचारता लावलंय. आता परत उपटलं तर ते जगायचं नाही. एक थेंब आला तर एक वर्ष मिळेल रे आम्हाला इथे."

"नानांना सांगा की सरळ. तुमचं ऐकतील."

माई पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "तो नेम कसला आहे, तुला ठाऊक नाही." मग सांगितलं. नाना नोकरीत असताना बदलीच्या गावी भाड्याच्या खोलीत राहायचे. छप्पर गळायचं. मालकाला सांगून सांगून थकले. त्या पावसाळ्यात मुलाला ताप भरला, आणि त्याचं अंथरूण कोरड्या जागेसाठी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ओढत राहिले दोघं. शेवटी कोपरा उरला नाही, मुलगाही उरला नाही. "तेव्हापासून यांचं हे," माई म्हणाल्या. "आपल्या घरात कुणाच्या अंथरुणावर थेंब पडायचा नाही. तो नेम मोडा असं मी कुठल्या तोंडाने सांगू? मीच ना ते अंथरूण ओढलं?"

मी रिकामा पेला पायरीवर ठेवला. पण मी छपरं शाकारणाऱ्या बापाचा मुलगा. मी म्हटलं, "माई, दुसरं काय पण सांगा. विहीर उपसून देईन, परड्याला नवा गडगा घालून देईन. पण माझ्या हाताखालचं छप्पर गळायचं नाय." आणि वर चढलो आणि ते कौल असं ठोकून बसवलं की वादळ आलं तर घर जाईल, कौल राहील.

आषाढ लागला आणि चौथ्या-पाचव्या दिवशी नानांचा निरोप, मागच्या पडवीत गळतंय.

मी जेवणावरून उठलो आणि गेलो. वर चढून बघतो तर एक कौल वितभर वर सरकलेलं. "वानर!" मी म्हटलं. आमच्याकडे वानरं कौलं फोडतात, सरकवतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. नाना गंभीरपणे म्हणाले, "वानरच असणार." मी नीट बसवून आलो. दोन पाऊस झाले, पुन्हा निरोप. पुन्हा तेच कौल. गोफण घेऊन परड्यात बसलो, वानर फिरकलं नाही. घरी गेलो तर पुन्हा गळलं.

त्यात माई. मी चिडून वानरांच्या सात पिढ्या काढत असताना त्या मला आत बोलवायच्या, भातावर तुपाची धार धरायच्या आणि हळूच म्हणायच्या, "किती छान सोंग करतोस रे! यांना जराही संशय नाही." मी म्हणायचो, "माई, शप्पथ, मी काय केलं नाय." तर त्या हसायच्या. "बरं हो, नाही केलंस."

दसऱ्याच्या आधी एक मास्तर घर मागायला आले. त्यांच्या बायकोने चुलीची जागासुद्धा बरोबर दाखवली. नाना म्हणाले, "घर गळतं. देता येणार नाही."

मास्तर म्हणाले, "अहो, एक तर थेंब! आम्ही खाली तपेली ठेवू."

नाना एवढे भडकले की मास्तर वहाणा विसरले. "तपेली ठेवू म्हणे! मालकाने कौल बसवायचं की भाडेकरूने तपेली ठेवायची? जा, आधी भांडायला शिका, मग भाड्याने राहा!" त्या मास्तरांना त्यांनी पुढे आपलं दुसरं घर दिलं, बिनगळतीचं.

माझं मात्र नाव गेलं. बाजारात कुणीही उठायचं आणि विचारायचं, "काय मेस्त्री, नानांकडे अजून तपेली आहे वाटतं?" पुढच्या वैशाखात मी ते कौलच बदललं. नवं कोरं, नानांनीच बंदरावर वाजवून घेतलेलं. आषाढात पुन्हा गळलं. मग मी ठरवलं, न सांगता जायचं.

श्रावणातली दुपार, झिमझिम पाऊस. मी विहिरीकडून परड्यात शिरलो आणि पडवीच्या दाराआड उभा राहिलो. नाना आले. हातात आंबे काढायची घळ, ती लांब काठी. आधी त्यांनी तपेली जमिनीवर ठेवली, वर बघितलं, पायाने ती जराशी सरकवली. मग धोतर सावरून कपड्यांच्या पेटीवर चढले. घळीचं टोक कौलाला लावलं आणि जोर केला. तोंड लालबुंद झालं. कौल हललं, चुलीची काजळी त्यांच्या टकलावर पडली, आणि पहिला थेंब बरोबर तपेलीच्या मध्यात वाजला. नानांनी डोळे मिटून तो ऐकला. मग उतरले, आणि समोर मी.

"नाना! म्हणजे वानर तुम्ही!"

"हळू बोल मेल्या, ती ओटीवर वाती वळतेय."

"गावभर माझं नाव गेलं ओ!"

"गेलं, कबूल. पण छप्पर तुझं चोख आहे, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? हे एक कौल हलवायला मला घाम फुटतो. जरा सैल बसवत जा की."

मी म्हटलं, "नाय बसवणार."

"नको बसवू," नाना म्हणाले, आणि घळीने परड्याकडे दाखवलं. सुरंगीला नवी तांबूस पालवी होती. "तिने ते जमिनीत लावलं. मला काही बोलली नाही. बोलणारही नाही. मीच जर म्हटलं की राहू या इथे, तर उद्या डबा घेऊन दारात उभी राहील. म्हणेल, माझ्यापायी नेम मोडू नका. तो नेम आमचा दोघांचा आहे रे, मला एकट्याला तो मोडता येत नाही." वर बघून म्हणाले, "गळतंय तोवर कुठे मोडतोय?"

इतक्यात माई आत आल्या. नानांचं डोकं बघून म्हणाल्या, "हे काय? पुन्हा काजळी?"

"चुलीत डोकावलो होतो, विस्तव आहे का बघायला."

"या वयात चुलीत डोकं घालतात!" माई मला म्हणाल्या, आणि तपेलीकडे बघून माझ्याकडे असा एक कटाक्ष टाकला, की बाबा रे, तुझे उपकार.

मी काय करणार? एकाने सांगू नको म्हटलेलं, दुसरीला सांगून पटत नव्हतं. वैशाखात मी कौल घट्ट बसवायचो, आषाढात नाना सरकवायचे, आणि तूप मी खायचो. अशी किती वर्षं गेली ती सुरंगीलाच ठाऊक. नव्या घरांची खरेदी नानांनी थांबवली नाही, फक्त तिथे पावसाळाभर तपासायला मला ठेवायचे. "तुझ्या डोक्यावर पडलं तर तू गप्प बसणार नाहीस, भाडेकरूपेक्षा तू बरा."

आणि एका फाल्गुनात सुरंगी फुलली. खोडाला, फांद्यांना, जिथे तिथे कळ्या. वास विहिरीपलीकडे जायचा. मी सहज गेलो होतो. माईंच्या अंबाड्यावर गजरा होता आणि त्या पोरीसारख्या लाजत होत्या. नाना ओटीवरून म्हणाले, "बघ मेस्त्री, घर वेळेवर भाड्याने दिलं असतं तर हा गजरा भाडेकरणीच्या डोक्यात गेला असता. गळतीचाही उपयोग असतो हो." माई माझ्याकडे बघून हसल्या, नानाही माझ्याकडेच बघून हसले. एकमेकांकडे दोघंही बघेनात. मी वर बघत राहिलो.

त्याच्या पुढच्या थंडीत नाना गेले. ताप आला, उतरला नाही. अंथरूण अगदी कोरडं होतं, एवढं मात्र लिहून ठेवतो.

आषाढात माईंनी मला बोलावलं. बाहेर मुसळधार. पडवीत गेलो तर तपेली नेहमीच्या जागेवर, कोरडी ठणठणीत. भिंतीशी गाठोडं बांधून ठेवलेलं.

"मेस्त्री, यंदा नीट बसवलंस हो," माई म्हणाल्या. "बरोबर केलंस. ते गेले, आता कुणापुढे सोंग करायचं? घर कोरडं झालं. दसऱ्याला एखादं बरं बिऱ्हाड येईल, मी आपल्या दुसऱ्या एखाद्या घराच्या मागच्या खोलीत जाईन. गाडी तेवढी सांगून ठेव." मग जरा थांबून, "झाडाला पाणी घालणारी बाई बघ."

"माई, मी दरवर्षीसारखंच बसवलंय."

"असू दे रे."

"असू दे नाय. मी तेव्हाच तुम्हाला नाय म्हटलं होतं. एकदासुद्धा मी ते कौल सैल ठेवलेलं नाय."

"मग गळायचं कसं?"

मी कोपऱ्यातली घळ उचलली आणि त्यांच्यापुढे धरली. आंबे काढायच्या घळीला चीक लागतो. हिच्या टोकाला काजळीचा बोटभर थर होता.

माईंनी त्या टोकाला हात लावला, बोटं बघितली. मग म्हणाल्या, "तरीच. चुलीत डोकं घालायचे ते." आणि गाठोड्यावर बसल्या. "मी त्यांच्यापासून लपवत होते, आणि ते..." पदराने तोंड पुसलं, तर काजळी गालाला लागली. मग वर बघत, अगदी लहान आवाजात, "आता वानर गेला की रे मेस्त्री. आता काय करायचं?"

जन्मभरात मी मुद्दाम वाईट काम केलं नाही. कुणी काही म्हणो, हे माझं सांगणं आहे. पण मी तपेली जागेवर आहे ना ते बघितलं, पायाने जराशी सरकवली, पेटीवर चढलो आणि घळीचं टोक कौलाला लावलं. घट्ट होतं. नानांना घाम फुटायचा ते खोटं नव्हतं. दोनदा जोर केला तेव्हा हललं. काजळी माझ्या तोंडावर, आणि खाली टप्प.

माईंनी डोळे मिटले होते. दुसरा थेंब वाजला, तिसरा वाजला.

"गळतंय," त्या म्हणाल्या.

"होय माई," मी वरूनच म्हटलं. "चांगलंच गळतंय. यंदा काय बिऱ्हाड घालता येत नाय."

माई उठल्या आणि गाठोड्याची गाठ सोडायला लागल्या.